किंमत चुकवली, हिशेब मिटला?

विकत घेतलेली वस्तू वाया घालवण्याचा हक्क पैशांबरोबरच मिळतो का? हा प्रश्न आमच्या कुटुंबात उभा राहिला तो अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, एका भोपळ्याच्या शेतात.

ऑक्टोबरात फिनिक्स शहराभोवती अशी शेतं सहलीसाठी खुली होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गाठींवर बसायचं, शेतात उतरायचं, आवडेल तो भोपळा उचलून पैसे द्यायचे. लेक-जावयाबरोबर आम्हीही गेलो. ऊन चटके देत होतं, पण नातवंडांना त्याची पर्वा नव्हती. बेगमनी सवयीप्रमाणे एका भोपळ्याला नख लावून पाहिलं आणि घारग्यांचा बेत आखला. जावई हसून म्हणाले, "अम्मी, हा खायचा नाही, कोरायचा असतो." नाक-डोळे कोरून, आत दिवा लावून दारात ठेवायचा आणि ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन उरकला की बहुतेक घरांतून तो कचऱ्यात जातो. बेगमचा चेहरा पाहून जावयांनी पुस्ती जोडली, "पैसे दिलेत ना आपण!"

दिले, पण ते शेतकऱ्याला. जिथं वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं कोलोरॅडो नदीचं पाणी पंपांनी चढवून, सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यानं आणलं जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. २०२२ पासून कपात लागू झाली आणि पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना तिचा सर्वांत मोठा फटका बसला. आता भोपळ्याचा नऊ-दशांशाहून जास्त भाग पाणीच असतो. नदीचं हे देणं कोणत्या पावतीवर लिहिलेलं असतं?

सगळं खापर भोपळ्यावर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. तिथं लसूणघास भोपळ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो. कित्येक ठिकाणी तर भोपळे बाहेरगावाहून ट्रकनं आणून शेतात मांडून ठेवतात. (म्हणजे नदी दुसरी, प्रश्न तोच.) शिवाय सहलीच्या पैशावर लहान शेतकरी तग धरतो. आणि मुलांचा आनंद? त्याला आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही.

आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही पाहिलं आहे. तेव्हा काटकसर अंगी बाणली, पण ती टंचाईची काटकसर होती. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, ही शिकवण त्याहून कठीण आहे. तिथं टंचाई नाही, कोणी किंमत मागत नाही, घेतलेलं पाणी पुन्हा नदीतच जातं. तरीही मर्यादा आहे. इस्राफ खिशावरून ठरत नाही, तो असा.

त्याच सोनोरन वाळवंटात टोहोनो ओओधम लोक पिढ्यान्‌पिढ्या भोपळे पिकवत आले, तेही पावसाळ्यात ओढ्याला येणाऱ्या पुरावर. गर शिजवायचा, उरलेल्याच्या पट्ट्या वाळवायच्या, बिया राखायच्या.

कोरण्याआधी गर नाहीतरी काढावाच लागतो. तो पातेल्यात जाऊ शकतो, बिया तव्यावर. उरलेलं कवच काही शेतांवर जनावरांसाठी परत घेतात, फक्त त्यावर रंग किंवा मेण असता कामा नये.