कुंपण आणि दिवा

मूल विद्येसाठीं घराबाहेर पाठवावयाचें, ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाहीं. पूर्वीं काशीस शिकावयास निघालेल्या मुलाला निरोप देतांना पुन्हां भेट होईलच अशी खात्री कोणास नसे. परंतु त्या काळीं भय वाटे तें वाटेचें. एकदां गुरूच्या घरीं पोंचला म्हणजे मुलगा सुखरूप, अशी आईबापांची समजूत असे. आजच्या आईबापांची स्थिति नेमकी उलट झाली आहे. आगगाडी मुलांस सुखरूप पोंचविते. धास्ती लागते ती मुक्कामाची. मोठ्या शहरांतील विद्यालयाचें आवार, तेथील वसतिगृह, वाचनालयापासून खोलीपर्यंतचा रात्रींचा रस्ता, ह्यांविषयींची काळजी आज घरोघर आहे, आणि शिकणारी मुलगी असेल तर ती दुप्पट आहे. ही काळजी दूर कशी करावी हा प्रश्न वरवर पाहतां पोलिसांचा व व्यवस्थापकांचा दिसतो. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा प्रश्न आहे. रक्षण सर्वांनाच हवें असतें. पण त्याची किंमत कोणीं द्यावयाची हें ठरवूं लागलें कीं न्यायान्यायाचा निवाडा करावाच लागतो.

पहिला उपाय सुचतो तो कुंपणाचा. धोका बाहेर आहे, तो बाहेरच अडविला म्हणजे आंतील मंडळी निर्धास्त झाली, असा ह्या उपायामागील विचार असतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या आवाराकरितां सन १८९४ सालीं न्यू हेवन शहराचे दोन पोलीस नेमण्यांत आले, आणि विद्यापीठांच्या स्वतंत्र पोलिसांची परंपरा त्या देशांत तेथून सुरू झाली असें मानितात. त्यानंतर भिंती उंच झाल्या, पहारेकरी वाढले, आपोआप लागणारीं कुलपें आलीं, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे बसले. हे उपाय निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कुंपणावर भिस्त ठेवणाऱ्यांनीं एका हकीकतीचा नीट विचार करावा.

पेनसिल्व्हानिया संस्थानांत बेथलेहेम शहरीं लीहाय नांवाचें जुनें विद्यापीठ आहे. तेथें जीन क्लेरी नांवाची एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्या वर्षांत शिकत होती. ५ एप्रिल १९८६ रोजीं पहाटे वसतिगृहांतील तिच्या खोलींत शिरून एका इसमानें तिच्यावर अत्याचार केला व तिचा प्राण घेतला. त्या खोलीपर्यंत पोंचण्यास आपोआप बंद होणारीं तीन दारें ओलांडावीं लागत. तीं तिन्ही दारें त्या रात्रीं उघडीं होतीं. जाण्यायेण्याची सोय व्हावी म्हणून तेथें राहणाऱ्यांनींच पिझ्झाचे रिकामे खोके अडकवून तीं उघडीं ठेविलीं होतीं. आणि तो इसम कोणी परका नव्हता. त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता.

ह्या हकीकतींतून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि दोन्ही कुंपणवाद्यांस गैरसोयीच्या आहेत. पहिली ही कीं, धोका कुंपणाच्या कोणत्या बाजूस आहे हें कुंपणास कळत नाहीं. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. ज्यांनीं दारांत खोके अडकविले त्यांच्या मनांत कसलेंही पाप नव्हतें. चार पावलें वांचावीं, मित्राला खालीं उतरून दार उघडण्याचा त्रास पडूं नये, एवढाच त्यांचा हेतु. परंतु समाईक दाराच्या बाबतींत एकाची सोय ही दुसऱ्याच्या नांवावर काढलेली उचल असते. ती फेडण्याचा प्रसंग आला तर तो उचल घेणारावर न येतां, आंत विश्वासानें झोंपलेल्या तिसऱ्याच कोणावर येतो. गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचाच, ह्याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. तथापि दोष आणि जबाबदारी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोष एकाचा असूं शकतो. जबाबदारी पुष्कळांत वांटलेली असते, आणि वांटलेली आहे म्हणूनच ती कोणास जाणवत नाहीं.

त्या मुलीच्या आईबापांनीं पुढें जें केलें तें विचार करण्यासारखें आहे. आणखी उंच भिंत बांधा, अशी मागणी त्यांनीं केली नाहीं. विद्यापीठाच्या आवारांत कोणते गुन्हे घडतात हें विद्यार्थ्यांस व पालकांस आधीं सांगितलें जावें, अशी त्यांची मागणी होती. सन १९८७ सालीं त्यांनीं ह्या कार्यासाठीं संस्था काढली. सन १९८८ सालीं त्यांच्या संस्थानांत कायदा झाला, आणि सन १९९० सालीं साऱ्या देशाकरितां कायदा झाला. सन १९९८ पासून तो त्यांच्या मुलीच्या नांवानें ओळखला जातो. सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या योजनांत सामील असलेल्या प्रत्येक महाविद्यालयानें मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांचे आंकडे दरवर्षीं १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावे. जेथें स्वतःचे पोलीस अथवा पहारेकरी असतील तेथें गुन्ह्यांची रोजची नोंदवही ठेवावी व ती कोणासही पाहूं द्यावी. धोका चालू असेल तर विद्यार्थ्यांस वेळेवर इशारा द्यावा, हें त्या कायद्याचें सार. तो नुसता कागदावर राहिला असेंही नाहीं. सन २०१६ सालीं पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठास सुमारें २४ लक्ष डॉलर, आणि सन २०२४ सालीं व्हर्जिनियांतील लिबर्टी विद्यापीठास १ कोटी ४० लक्ष डॉलर इतका दंड ह्या कायद्याखालीं झाला.

ह्यावर संस्थाचालक म्हणतील, अशानें संस्थेची अब्रू जाते. आम्ही त्यांस नम्रपणें विचारतों कीं, जी अब्रू मुलांस अज्ञानांत ठेवल्यावांचून टिकत नाहीं ती कोणाची? दुखणें लपवून ठेवलेलें घर निरोगी ठरत नाहीं. तथापि आंकडे वाचण्यालाही विवेक लागतो. ज्या विद्यालयांत तक्रारी अधिक नोंदल्या जातात तें अधिक धोक्याचेंच असेल असें नाहीं. तेथें तक्रार करणाराचें ऐकून घेतलें जातें असाही त्याचा अर्थ असूं शकतो. उलट जेथें वर्षानुवर्षें शून्य लिहिलें जातें तेथें शांतता आहे कीं नुसतें मौन आहे, ह्याची चौकशी सुज्ञ पालकांनीं अवश्य करावी.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सन २०२३ च्या जून महिन्यांत मुंबईंत चर्नी रोडनजीकच्या एका सरकारी वसतिगृहांत एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय ज्याच्यावर आला तो तेथेंच पहाऱ्याचें काम करणारा मनुष्य होता. त्याच दिवशीं तो रेल्वेमार्गावर मृत आढळला. ९ ऑगस्ट २०२४ रोजीं कलकत्त्यांतील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयांत, रात्रपाळी करून विसाव्यासाठीं सभाकक्षांत गेलेल्या एका शिकाऊ डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. ह्या गुन्ह्याबद्दल जानेवारी २०२५ मध्यें ज्याला जन्मठेप झाली तो पोलिसांचा मदतनीस म्हणून काम करणारा इसम होता. कुंपणानेंच शेत खाल्लें ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. ती इतक्या अक्षरशः खरी ठरावी, हें दुर्दैव होय.

कलकत्त्याच्या घटनेनंतर बंगाल सरकारनें ज्या सूचना काढल्या त्यांत शक्य तेथें स्त्रियांस रात्रपाळी देऊं नये, अशी एक सूचना होती. सप्टेंबर १९२४ नव्हे, १८२४ तर नव्हेच. सन २०२४ च्या सप्टेंबरांत ही सूचना सर्वोच्च न्यायालयापुढें आली. स्त्रियांस सवलत नको, संरक्षण हवें, आणि तें पुरविणें सरकारचें कर्तव्य आहे, अशा आशयाचा आक्षेप न्यायालयानें घेतला, व सरकारनें ती सूचना मागें घेण्याचें कबूल केलें. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. चोरीची भीति आहे म्हणून धन्यानेंच घर सोडून जावें, अशासारखा हा उपाय होता. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याची ही रीति आपल्या वसतिगृहांत मात्र इतकी रूढ आहे कीं तिचें नवल वाटेनासें झालें आहे. मुलांच्या वसतिगृहाचें दार रात्रीं उशिरापर्यंत उघडें, मुलींचें तिन्हीसांजेनंतर लौकरच बंद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलींत सुरक्षिततेचें कारण पुढें करून मुलींस मुलांहून निराळे नियम लावूं नयेत असें स्पष्ट सांगितलें आहे. तरी दारावरचें घड्याळ पुष्कळ ठिकाणीं जुनेंच आहे.

येथें आईबापांची बाजू हलक्या मनानें उडवून लावणें योग्य होणार नाहीं. आई म्हणेल, 'समतेचें तत्त्व मला मान्य आहे. पण माझी मुलगी गेली तर तें तत्त्व मला ती परत आणून देणार आहे काय?' ह्या प्रश्नापुढें कोणताही प्रामाणिक मनुष्य क्षणभर निरुत्तर होईल. तरीही उत्तर आहे, आणि तें व्यवहारांतूनच निघतें. नऊ वाजतां दार बंद होतें, आणि मुलीची गाडी चुकून ती सव्वानऊला पोंचते. आतां ती सुरक्षित कोठें आहे? ज्या नियमानें तिचें रक्षण व्हावयाचें त्यानेंच तिला रात्रभर रस्त्यावर उभें केलें. दुसरें असें कीं, नियम मोडून बाहेर राहिलेल्या मुलीवर कांहीं प्रसंग ओढवला तर ती तोंड कशी उघडणार? 'त्या वेळीं तूं तेथें काय करीत होतीस,' हा पहिला प्रश्न तिला ठाऊक असतो. अशा रीतीनें रक्षणाचा नियम गुन्हेगारास मौनाचें अभय देतो. सावधगिरीचा उपदेश अवश्य करावा. आई मुलीस करते तसा तो मुलासही करावा. पण उपदेश ऐकणाराच्या बुद्धीला उद्देशून असतो, आणि कुलूप तिच्या बुद्धीवरील अविश्वास असतो. ज्या ठिकाणीं बुद्धि वाढवावयाची तेथेंच तिच्यावर अविश्वास दाखविणें विसंगत आहे.

ह्या बाबतींत महाराष्ट्रानें तरी आपला इतिहास विसरूं नये. सन १८४८ सालीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हां सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेंत शेण व चिखल फेंकण्यांत येई, आणि म्हणून त्या एक जादा लुगडें बरोबर नेत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सुरक्षिततेचा सर्वांत सोपा उपाय त्या दिवशींही उपलब्ध होता, घरीं बसणें. तो त्यांनीं स्वीकारला असता तर आज कोणत्या मुलीच्या वसतिगृहाची चिंता आपण करीत बसलों असतों?

मग कुंपण नको तर काय हवें? जेन जेकब्स ह्या अमेरिकन लेखिकेनें सन १९६१ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, शहरांतील रस्ता निर्भय राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळें नव्हे, त्या रस्त्यावर सतत असणाऱ्या माणसांच्या डोळ्यांमुळें. दुकानदार, खिडकींत बसलेली म्हातारी, येणारेजाणारे, हेच खरे पहारेकरी. फिलाडेल्फियांतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला ह्या विचाराची प्रचीति आली. सन १९९६ च्या ऑक्टोबरअखेर तेथील एका संशोधकाचा आवारालगतच्या रस्त्यावर खून झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षा ज्युडिथ रोडिन यांनीं पहारा तर वाढविलाच. पण त्याबरोबर शेजारच्या वस्तीकडे पाठ करण्याऐवजीं तोंड केलें. घरमालकांस दारापुढें दिवे लावण्यास साहाय्य मिळालें; सन १९९७ सालीं स्वच्छता व देखरेखीकरितां परिसराची संस्था स्थापन झाली; रस्त्याकडे उघडणारीं दुकानें आलीं; सन २००१ सालीं विद्यापीठाच्या मदतीनें वस्तींतील मुलांसाठीं सार्वजनिक शाळा निघाली.

परंतु ह्या सत्कृत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वस्ती सुधारली तशीं घरभाडीं वाढलीं, आणि मूळच्या गरीब कृष्णवर्णी कुटुंबांपैकीं कित्येकांस तेथें राहणें परवडेना. ह्याच भागांतील त्यांची एक जुनी वस्ती सन १९६० नंतरच्या दशकांत शहरसुधारणेच्या नांवाखालीं उठविण्यांत आली होती, व त्यांत विद्यापीठाचाही हात होता. शेजारी निघून गेला म्हणून आपण सुरक्षित झालों, ह्याला शेजारधर्म म्हणतां येणार नाहीं. दिव्याचा उजेड आवाराबाहेरच्या झोंपडीवरही पडावा आणि झोंपडीवाल्यास तेथें राहतांही यावें, तेव्हांच तो दिवा न्यायाचा.

दिवा हा शब्द आम्ही केवळ तेलाच्या किंवा विजेच्या दिव्यापुरता वापरीत नाहीं. घडलेलें उघड सांगणें हा दिवा आहे. रात्रीं परतणाऱ्या मैत्रिणीबरोबर चार पावलें जाणें, समाईक दार आपल्या मागें ओढून घेणें, आरडाओरडा ऐकूं आल्यास आपलें दार लावून न घेतां बाहेर येणें, तक्रार करणारीच्या वर्तनाची झडती घेण्याआधीं तिचें म्हणणें ऐकणें, हे सर्व दिवेच आहेत. आणि मुलांनींही हें आपलें काम समजावें. नवागतांचा छळ करण्याच्या चालीविरुद्ध महाराष्ट्रास सन १९९९ सालीं कायदा करावा लागला. ती चाल बाहेरच्या गुंडांनीं आणली नव्हती, ती आवारांतील थोरल्यांनीं चालविली व बाकीच्यांनीं हंसत पाहिली. पाहणारे हंसले नसते तर कायद्याची गरज कितीशी पडली असती?

गीतेंत दैवी संपत्तीचे गुण सांगतांना पहिलें स्थान अभयाला दिलें आहे, आणि आपल्या परंपरेनें अभयदानास मोठें दान मानलें आहे. अभय मागणाऱ्यास 'तूं बाहेर पडूं नकोस' असें सांगणें हें अभयदान नव्हे. तो देणाराचा हिशेबीपणा झाला. जो अभय देतो त्याला स्वतः कांहीं सोडावें लागतें: संस्थेस खोटी अब्रू, शेजाऱ्यास उदासीनता, सोबत्यास दोन मिनिटांची सोय, आणि आईबापांस, त्यांना सर्वांत जड जाईल तें, मुलीच्या वांट्याचें धैर्य आपल्या भीतीनें खर्चून टाकण्याचा हक्क. ही किंमत पुष्कळांनीं थोडी थोडी दिली तर ती कोणासच भारी होणार नाहीं. ती चुकविण्याची युक्ति शोधीत बसलों, तर ती पूर्वींप्रमाणेंच एकट्या कोणा मुलीकडून सबंध वसूल होत राहील.