दावानलातील हाक



भारतात गणराय येतात ते श्रावणसरी झेलून, हिरव्यागार भाद्रपदात. आपल्याकडे मेलबर्नला मात्र ते ऐन वसंताच्या तोंडावर येतात. वॉटलची पिवळी फुले अजून झाडावर असतात, थंडी काढता पाय घेत असते आणि रस्त्याकडेचे गवत कमरेएवढे वाढलेले असते. हेच हिरवे गवत डिसेंबरात वाळून पिवळे होते आणि त्याला एक ठिणगी पुरते. आपण विघ्नहर्त्याचे पूजन कार्यारंभी करतो, विघ्न येऊन गेल्यावर नाही. म्हणूनच वणव्याचा विषय या मंगलप्रसंगी काढते आहे. त्याला याहून योग्य मुहूर्त नाही.

मी प्रवचनकार नाही. सोलापूरला वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९९९ साली या देशात आलेली मी एक साधी फॅमिली डॉक्टर. तेव्हा हे निरूपण गोड मानून घ्यावे.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात एक कथा येते. गोपाळ खेळात रमले आणि गाई चरत चरत दूर मुंज गवताच्या रानात गेल्या. खेळ थांबला तेव्हा गाई दिसेनात. मग सगळे सवंगडी निघाले, उमटलेले खूर आणि खुडलेली गवताची पाती पाहत पाहत. कृष्णाने गाईंना नावाने हाका मारल्या. आपापले नाव ऐकून गाई हंबरल्या आणि सापडल्या. तेवढ्यात चारी बाजूंनी दावानल पेटला. घाबरलेल्या गोपाळांना कृष्ण म्हणाला, भिऊ नका, डोळे मिटा. त्यांनी डोळे मिटले आणि त्याने तो अग्नी पिऊन टाकला.

कथा सांगताना आपण अग्निप्राशनाच्या चमत्काराशी थांबतो. मला त्याआधीचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. अग्नी पिणे हे देवाचे काम, ते तुमच्याआमच्याने होणारे नाही. पण हरवलेल्याच्या मागावर जाणे आणि त्याला नावाने हाक मारणे हे माणसाला जमणारे आहे. देवाने तेही आधी स्वतः करून दाखवले. वणव्याच्या काळातला सेवाधर्म मला या दोन गोष्टींत सापडतो.

आता आपल्या भूमीतला वणवा पाहू. ७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार, ज्याला इथे ब्लॅक सॅटर्डे म्हणतात, आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या दिवशी मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर गेले होते. देशाच्या आतल्या भागातून येणारा उत्तरेचा कोरडा वारा आगीला लांबट पट्ट्यासारखा ओढत नेत होता. संध्याकाळच्या सुमारास वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि त्या लांब पट्ट्याची अख्खी बाजूच आगीचे तोंड झाली. किंगलेक, मेरिसव्हिल, स्ट्रॅथेवन अशी गावे त्यात सापडली. १७३ माणसे गेली, दोन हजारांहून अधिक घरे जळाली. नंतर नेमलेल्या रॉयल कमिशनच्या अहवालातला एक आकडा मी डॉक्टर म्हणून विसरू शकत नाही. मृतांपैकी ४४ टक्के लोक बारा वर्षांखालचे, सत्तरीपलीकडचे किंवा आजारी व अपंग होते.

महाभारतात खांडववन जळते तेव्हा जरिता नावाच्या पक्षिणीची गोष्ट येते. तिला उडता येत होते, तिच्या चार पिल्लांना येत नव्हते. चौघांना एकदम उचलणे शक्य नव्हते आणि एकाला नेऊन तिघांना सोडणे तिला सुचेना. उंदराच्या बिळात लपा, म्हणाली, तर पिल्लांना उंदराचे भय. ती पिल्ले अग्नीच्या कृपेने वाचली. रॉयल कमिशनने मोजलेल्या त्या ४४ टक्क्यांना ती कृपा लाभली नाही. ज्यांना उडता येत नाही त्यांचा विचार ज्वाळा दिसू लागल्यावर करायचा नसतो, एवढे जरितेची घालमेल आपल्याला शिकवते.

आपल्या समाजात अशी पिल्ले कोण? माझ्या मते आपले आई-बाबा. मेल्टन, टार्नीट, क्रेगीबर्न, मिकलहॅम अशा नव्या वसाहतींत आपल्या कितीतरी कुटुंबांनी घरे घेतली आहेत. शेवटच्या गल्लीच्या कुंपणापलीकडे मोकळे माळरान सुरू होते. गवताची आग जंगलाच्या आगीहूनही वेगाने धावते. दिवसभर मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि घरी सोलापूरहून किंवा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सत्तरीचे आई-बाबा. गाडी चालवता येत नाही, रेडिओवरचे इंग्रजी कळत नाही, शेजारी कोण राहते ते ठाऊक नाही. धूर दिसला तर ते काय करतील? आज आरती झाल्यावर घरी जाऊन हा प्रश्न त्यांच्यासमोर बसून सोडवावा, ही माझी पहिली विनंती.

त्यांना दोन-चार गोष्टी मराठीत नीट समजावून सांगा. आणीबाणीचा क्रमांक ट्रिपल झीरो. सप्टेंबर २०२२ पासून देशभर आगीच्या धोक्याच्या चारच पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटस्ट्रॉफिक. शेवटची पायरी जाहीर झाली तर धोक्याच्या भागातून आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर निघून जायचे, ज्वाळा दिसण्याची वाट पाहायची नाही. फोनमध्ये व्हिकइमर्जन्सीचे अ‍ॅप घालून द्या. आणि ज्या दिवशी टोटल फायर बॅन असेल त्या दिवशी अंगणात होमहवन नको. अग्नीला आपण देव मानतो, विवाहात त्याला साक्षी ठेवतो. देवाचा मान राखायचा तर त्याचे सामर्थ्य ओळखून राहावे. या भूमीच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे तेच केले. ते थंड ऋतूत, लहान, आटोक्यातल्या आगी लावून रान साफ ठेवत आले.

डॉक्टर म्हणून आणखी एक सांगते. ज्वाळा जिथे पोचत नाहीत तिथे धूर पोचतो. २०१९-२० च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष आगीत ३३ माणसे गेली, पण संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे धुरामुळे झालेले मृत्यू सुमारे ४१७ होते. धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. दमेकऱ्यांनी रोजचा पंप बरे वाटते म्हणून बंद करू नये. धुराच्या दिवशी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, फिरायला जाणे टाळावे. बाहेर पडावेच लागले तर चेहऱ्याला घट्ट बसणारा पी-टू मास्क वापरावा, साधा कापडी रुमाल हे कण अडवत नाही. छातीत दुखले किंवा दम लागला तर रात्र काढू नये. आणि आई-बाबांनी भारतातून आणलेल्या गोळ्यांची यादी करून ठेवा. तिकडची ब्रँडची नावे इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. मूळ औषधाचे नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहून तो कागद पासपोर्टसोबत ठेवा. घाईत घर सोडावे लागले तर तो कागद फार उपयोगी पडतो.

हे झाले घरापुरते. पण गोपाळ केवळ स्वतःच्या गाईसाठी निघाले नव्हते. दुसऱ्यावर संकट येते तेव्हा आपण काय द्यावे? गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे: योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते दान. याचा अर्थ मला पोथीतून कळण्याआधी किल्लारीला कळला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मी तेव्हा इंटर्न होते. सोलापूरहून आमचे पथक गेले. पाऊस लागला होता आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडले होते. जरीच्या साड्या होत्या, कोट होते. एका शेतकऱ्याच्या दंडावरची जखम मी बांधत होते. तो म्हणाला, "ताई, कापडं लई आली. म्हशीला कडबा मिळंल का कुठं?" त्याचे घर पडले होते, पण दावणीची म्हैस वाचली होती आणि उपाशी होती. कोणी त्याला विचारलेच नव्हते.

ब्लॅक सॅटर्डेनंतर इथेही तेच झाले. लोकांनी प्रेमाने इतक्या वस्तू पाठवल्या की त्या ठेवायला गोदामे पुरेनात, त्या निवडायला माणसे लागली. याच काळात किल्मोर ईस्ट भागातल्या एका शेतकरी जोडप्याने वेगळीच गरज ओळखली. जळालेल्या कुंपणांमुळे मेंढ्या-गाई राखता येत नव्हत्या. शेजारी आणि स्वयंसेवक जमवून त्यांनी कुंपणे उभारायला सुरुवात केली आणि त्यातून ब्लेझएड ही संस्था उभी राहिली. ती पुढे देशभर पूर-वणव्यांनंतर कुंपणे बांधत राहिली. किल्लारीच्या शेतकऱ्याला कडबा हवा होता, किल्मोरच्या शेतकऱ्याला कुंपण. दोघांनाही विचारले असते तर त्यांनी लगेच सांगितले असते.

३१ डिसेंबर २०१९ रोजी मॅलाकूटाला सुमारे चार हजार लोक समुद्रकिनाऱ्यावर आगीने कोंडले गेले. काही दिवसांनी नौदलाच्या जहाजाने हजारावर लोकांना बाहेर काढले. त्याच सुमारास ईस्ट गिप्सलँडमधून हजारो लोक घरे सोडून निघाले होते. तेव्हा मेलबर्नहून सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलियाची मंडळी आपली गाडी घेऊन बेर्न्सडेलला गेली आणि रोज शेकडो लोकांना गरम जेवण वाढत राहिली. लंगर ही त्यांची शेकडो वर्षांची परंपरा. स्वयंपाकाची भांडी, वाढणारे हात आणि शिस्त सगळे आधीच तयार होते. संकट आल्यावर त्यांनी ते फक्त बेर्न्सडेलला नेले. आपल्याकडेही महाप्रसादाची भांडी आहेत, पाचशे पाने उठवणारे हात आहेत. वर्षातून एकदा गणपतीला चालणारे हे यंत्र फेब्रुवारीत गरज पडल्यास चालेल का, याचा कार्यकारिणीने आत्ताच विचार करावा, असे मला मनापासून वाटते. मात्र न विचारता निघायचे नाही. स्थानिक मदत केंद्राला काय हवे ते आधी विचारायचे. तिथे वस्तूंपेक्षा पैसे हवे असतील तर निमूटपणे पैसेच द्यायचे.

शेवटचे, आणि सर्वांत विसरले जाणारे. आगीनंतर काही आठवड्यांतच युकॅलिप्टसच्या काळ्या खोडांवर हिरवी पालवी फुटते. बँक्सियाच्या काही जातींची फळे तर आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि बी जमिनीवर पडते. ते पाहून माणसेही सावरली असतील असे आपण समजतो. ब्लॅक सॅटर्डेनंतर दोन वर्षांनी एक गृहस्थ माझ्याकडे झोप येत नाही म्हणून आले. त्यांचे घर नव्याने बांधून झाले होते, विम्याचे पैसेही मिळाले होते. पण उत्तरेचा वारा सुटला की ते रात्रभर अंगणात उभे राहत. गोळी मी दिली, पण त्यांना खरा आधार मिळाला तो गावातल्या लोकांचा, जे दर गुरुवारी एकत्र जेवत. आगीनंतरची वर्षे अभ्यासणाऱ्या मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनाही असेच दिसले की, स्थानिक मंडळांशी जोडलेली माणसे मनाने अधिक सावरतात. मदतीची रांग पहिल्या महिन्यात लागते. पण हाक मारायची खरी गरज दुसऱ्या वर्षी असते, जेव्हा कोणी विचारत नाही.

तर मंडळी, यंदा बाप्पापुढे तीन संकल्प सोडूया. पहिला, विसर्जनापूर्वी छपराच्या पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, कारण बहुतेक घरे ज्वाळेने नव्हे, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. दुसरा, घराच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे माहीत करून घ्यायची. मोदकांचे ताट हे उत्तम निमित्त आहे. त्यांच्याकडे कोणी एकटे, आजारी, म्हातारे आहे का तेही कळू द्या आणि आपल्या आई-बाबांची ओळख करून द्या. तिसरा, आपल्या तरुणांपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी जवळच्या कंट्री फायर ऑथॉरिटीच्या ठाण्यात एकदा जाऊन यावे. आपल्या घरांसाठी आगीसमोर उभे राहणारे हजारो लोक पगार न घेता ते काम करतात. तिथे पाण्याचा पाइप धरणारेच नव्हे, वायरलेस सांभाळणारे आणि चार भाषा बोलणारेही हवे असतात.

दावानल पिण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही, ते ज्याचे त्याच्याकडे राहो. शेजाऱ्याला नावाने हाक मारण्याची बुद्धी मात्र गणराया, आम्हा सर्वांना दे. येणारा उन्हाळा सर्वांना सुखरूप जावो, आणि रानातल्या मुक्या जिवांनाही.

गणपती बाप्पा मोरया!