शंकासमाधान : घरातला नास्तिक

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली. देव न मानणारं माणूस घरात, मित्रांत किंवा शेजारी आहे, त्याच्याशी वागायचं कसं, हा सगळ्यांचा प्रश्न. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. एक पत्र खुद्द नास्तिक वाचकाचं आहे. त्याला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

शंका : माझा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर तो मिस्सेला येत नाही. संध्याकाळी आम्ही रोझरीला बसलो की उठून गच्चीवर जातो. विचारलं तर म्हणतो, ‘देव आहे असं मला वाटत नाही, मग खोटे खोटे गुडघे कशाला टेकू?’ बाकी मुलगा गुणी आहे. लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना औषधं आणून द्यायचं काम त्यानेच केलं. पण माझ्या जाऊबाई म्हणतात, देवाला सोडून केलेल्या चांगल्या कामाला काही अर्थ नाही. फादर, त्याचं पाप मला लागेल का? (एक आई, वसई)

समाधान : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही लागणार. आईने मुलाच्या पापाचा हिशेब द्यायचा असतो, अशी शिकवण ख्रिस्तसभेने कधी दिलेली नाही. मुलाला देव दिसत नाही, हे पाप आहे असंही मी इतक्यात म्हणणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आजच्या जगातल्या ख्रिस्तसभेविषयी एक मोठा दस्तऐवज जाहीर केला. त्यात नास्तिकतेवर तीन परिच्छेद आहेत, १९ ते २१. नास्तिकता चुकीची आहे असं परिषद स्पष्ट म्हणते. पण लगेच पुढे असंही म्हणते, की नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असतो. आपण श्रद्धा नीट शिकवत नाही, चुकीची मांडतो, आपल्या वागण्यातून देवाचा चेहरा दाखवण्याऐवजी झाकतो. जगभरचे बिशप एकत्र बसून हे लिहितात, ही साधी गोष्ट नाही.

यात माझाही वाटा आहे. नवा फादर असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलाने विचारलं होतं, की बाप्तिस्मा न झालेलं तान्हं बाळ मेलं तर देव त्याला बाहेर का ठेवतो? मला उत्तर येत नव्हतं. मी त्याला ‘बस खाली’ म्हणालो. तो मुलगा पुन्हा वर्गाला आला नाही. आज त्याच्या आईने मला असं पत्र लिहिलं तर मी तिला काय सांगणार?

आता जाऊबाईंचं म्हणणं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की ज्यांना नियमशास्त्र मिळालंच नाही तेही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण ते शास्त्र त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं असतं. १९६४ साली याच परिषदेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाची ओळख पटलेली नाही, पण जे सरळपणे जगायची धडपड करतात, त्यांनाही देव आपलं साहाय्य नाकारत नाही, असं तिने म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना दिलेली ती औषधं देवाला पोचली, असं माझी श्रद्धा मला सांगते. मुलाला तसं वाटत नाही, म्हणून काही ती पोचायची थांबत नाहीत.

वागण्याचं सांगतो. त्याच्यासाठी रोझरी बंद करू नका आणि रोझरीसाठी त्याला ओढूनही आणू नका. लोक काय म्हणतील या भीतीने नाताळच्या मिस्सेत त्याला ख्रिस्तशरीर घ्यायला लावू नका. विश्वास नसताना ते घेणं चूक आहे आणि घ्यायला लावणं जास्त चूक. घरच्यांची प्रार्थना चालू असताना टिंगल करायची नाही, एवढं त्यालाही सांगा. आणि रोझरी संपली की जेवायला हाक मारा, रोजच्यासारखीच. खोटे गुडघे टेकायचे नाहीत म्हणणारा मुलगा सत्याला फार जपतो आहे. तो हे तुमच्याच घरात शिकला.

शंका : मी कुठल्याच धर्माचा नाही. मित्राकडे तुमचं सदर वाचतो. तुमची नीती नरकाच्या भीतीवर आणि स्वर्गाच्या लालचीवर उभी आहे. आम्ही बक्षिसाशिवाय चांगलं वागतो. मग वरचढ कोण? शिवाय देव सांगतो तेच चांगलं असेल, तर अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगितलं तेही चांगलंच म्हणायचं का? (एक वाचक, पुणे)

समाधान : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात राग आहे, पण प्रश्न खरे आहेत.

भीतीचं आधी. केवळ नरकाच्या भीतीने झालेल्या पश्चात्तापाला आमचं धर्मशास्त्र अपूर्ण पश्चात्ताप म्हणतं. देवावरच्या प्रेमापोटी होतो तो पूर्ण. हा भेद १५५१ साली त्रेंतच्या परिषदेने पक्का केला. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करणारं प्रत्येक लेकरू पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करतं. तिच्यातही शिक्षेची भीती आधी येते, आणि मग तिच्याहून मोठं कारण म्हणून प्रेम येतं. म्हणजे भीतीवर उभी असलेली नीती कच्ची, हे तुमचं म्हणणं आमच्या पाठांतरातच आहे. आमची बरीच प्रवचनं पहिल्या पायरीवरच थांबतात, हा दोष मात्र मान्य.

दुसरा प्रश्न अडीच हजार वर्षांचा होत आला. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस हेच विचारतो : देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं मानलं तर देवाची लहर हीच नीती ठरते, दुसरं मानलं तर नीती देवाहून मोठी होते. धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या परंपरेत आम्ही दोन्ही नाकारतो. चांगुलपणा हा देवाचा स्वभाव आहे. तो देवाने काढलेला हुकूम नाही, आणि देवाच्या बाहेरचा कायदाही नाही. माणसाला बुद्धी दिली आहे म्हणून त्याला तो चांगुलपणा धर्मग्रंथ न उघडताही बराचसा कळतो. हे उत्तर तुम्हाला पटेलच असं नाही. पण ‘देव म्हणाला म्हणून’ यापेक्षा ते वेगळं आहे, एवढं पाहा.

अब्राहामाच्या गोष्टीने मीही अस्वस्थ होतो. देवाने सुरी थांबवली, बळी नको म्हणाला, हा तिचा शेवट आहे आणि आम्ही भर देतो तो त्यावर. तरी चढावर लाकडं वाहणारा तो मुलगा मनातून जात नाही. आज कुणी माझ्याकडे येऊन म्हणाला, की देवाने मला लेकरू मारायला सांगितलं आहे, तर मी आधी ते लेकरू त्याच्यापासून दूर नेईन आणि पोलिसांना बोलावेन. तुम्हीही तेच कराल. त्या क्षणी आपण दोघं एकाच सदसद्विवेकबुद्धीने वागतो आहोत. ती कुठून आली, यावर आपला वाद आहे.

तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असेल म्हणून सांगतो. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय चाललं. ते चालवणाऱ्यांचा देवावर विश्वास होता. श्रद्धा माणसाला आपोआप चांगलं करते हा दावा तिथेच संपतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांची देवाकडे जाहीर क्षमा मागितली. याला उत्तर म्हणून आमच्यातले काहीजण नास्तिक स्टॅलिनने मारलेली माणसं मोजून दाखवतात. मी तसं करणार नाही. प्रेतांची बेरीज-वजाबाकी करून कुणाचाच देव सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

आता माझी शंका, तुम्हाला. जानेवारी १९४८ मध्ये बीबीसीवर देव न मानणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि येशूसंघी फादर कॉपलस्टन यांचा वाद झाला. चांगलं-वाईट तुम्हाला कशावरून कळतं, असं कॉपलस्टननी विचारलं. पिवळा आणि निळा रंग जसा वेगळा दिसतो तसं, असं रसेल म्हणाले. आणि मग, भावनेवरून. कॉपलस्टननी बेल्सनच्या छळछावणीचा मुद्दा काढला. तिथलं क्रौर्य तुम्हा-आम्हाला वाईट वाटतं, हिटलरला ते चांगलं वाटत होतं. रसेल म्हणाले, कावीळ झालेल्याला नसलेला पिवळा रंग दिसतोच. कॉपलस्टननी विचारलं, सगळा प्रश्न भावनेचाच असेल तर ती भावना चुकली असं म्हणणार कशाच्या आधारावर? रसेल थोर माणूस. अण्वस्त्रांविरुद्धच्या आंदोलनात वयाच्या ८९व्या वर्षी ते तुरुंगात गेले. त्यांच्या नीतिमत्तेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांनी दिलेलं कारण मात्र त्यांच्या जगण्यापुढे फार तोकडं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

याहून चांगलं उत्तर देव न मानणारे इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी दिलं. १९९५-९६ मध्ये मिलानचे कार्डिनल मार्तिनी आणि एको एकमेकांना पत्रं लिहीत होते आणि ती एका इटालियन नियतकालिकात छापून येत होती. हेच मार्तिनी १९८७ पासून मिलानमध्ये अश्रद्धांना व्यासपीठावर बोलावून त्यांचं ऐकून घेत. त्यांनी एकोंना विचारलं, की देव न मानणारा आपल्या नीतीचा पाया कशावर घालतो? एकोंचं उत्तर असं, की समोर दुसरा माणूस आला की नीती सुरू होते. अन्नाशिवाय जसं जगता येत नाही, तसं दुसऱ्याच्या नजरेशिवाय आपण कोण हेच आपल्याला कळत नाही. मी ते वाचून बराच वेळ गप्प बसलो. भल्या समारितानाच्या दाखल्यापासून हे उत्तर फार लांब नाही.

तरी मला आणखी थोडं हवं आहे. समोरचा माणूस माझ्या नजरेलाही नजर देत नसेल, त्याने माझं सगळं उद्ध्वस्त केलं असेल, तेव्हा काय? ओडिशातल्या मनोहरपूर गावी २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि पुढची काही वर्षं बारिपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. नास्तिक माणूस अशी क्षमा करूच शकत नाही, असा माझा दावा नाही. पण ग्लॅडिसबाईंना ते बळ कुठून आलं हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. वरचढ कोण, हे विचारलंत. या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तो प्रश्नच आपल्या दोघांनाही बिघडवतो.

शंका : माझा जिवलग मित्र ख्रिस्ती घरातला, पण आता उघडपणे नास्तिक आहे. माझ्या मुलीचा धर्मपिता तोच व्हावा असं मला वाटतं. चालेल का? (एक वडील, नालासोपारा)

समाधान : नाही. धर्मसंहितेच्या कलम ८७४ प्रमाणे धर्मपिता दृढीकरण झालेला, श्रद्धेला साजेसं जगणारा कॅथलिक असावा लागतो. आणि वेदीसमोर ‘माझा विश्वास आहे’ असं मित्राकडून खोटं वदवून घेणं हा मैत्रीचाही अपमान आहे. मुलीला मामा-काकांसारखा तो हवाच. ते नातं बाप्तिस्म्याच्या वहीत लिहावं लागत नाही.

शंका : माझे आजोबा ८४ वर्षांचे आहेत. बाप्तिस्मा झालेला, पण उभं आयुष्य विवेकवादी. त्यांनी लिहून ठेवलंय, की मृत्यूनंतर कोणतेही विधी नकोत, देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. आत्या म्हणते, मेल्यावर त्यांना कुठे कळणार आहे, आपण चर्चमध्येच नेऊ. (एक नात, मुंबई)

समाधान : ‘त्यांना कुठे कळणार आहे’ हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही. मृत्यूनंतर माणूस संपत नाही, असं आपणच मानतो ना?

ज्याने जाहीरपणे श्रद्धा सोडली आणि मरणापूर्वी मन बदलल्याची काही खूण दिली नाही, त्याला चर्चचा अंत्यविधी देऊ नये, असं कलम ११८४ सांगतं. काहींना हे कठोर वाटतं. मला त्यात त्या माणसाच्या निवडीचा मान दिसतो. देहदानाला ख्रिस्तसभेची हरकत नाही. म्हणून देह त्यांच्या इच्छेप्रमाणे वेळेत पोचवा. दारात नातेवाईक भांडत असतील तर महाविद्यालयही देह घ्यायला कचरतं, तेव्हा आत्याशी आजच बोला. नंतर आत्यांनी आजोबांसाठी घरी प्रार्थना करावी, मिस्साही अर्पण करावी. त्यावर कुणी बंदी घातलेली नाही. आजोबा अजून आहेत, तर हे सगळं त्यांच्यासमोर बसूनच बोलून घ्या.

शंका : विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या क्रुसाच्या पाण्याच्या प्रकरणात नास्तिकांवर तक्रार करणं योग्य होतं का? आमच्या तरुण मंडळात अजून यावरून भांडण होतं. (एक युवक, वसई)

समाधान : नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मार्च २०१२ मध्ये तिथल्या वेलंकनी माता चर्चच्या आवारातल्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक जमले, काहींनी ते पाणी भरून नेलं. विवेकवादी सनल एडमरुकू यांनी जाऊन पाहिलं. जवळचं सांडपाणी तुंबून त्याची ओल भिंतीतून वर चढत होती, असं त्यांनी दाखवलं. टीव्हीवरच्या चर्चेत ते ख्रिस्तसभेबद्दल कडक बोलले. मग काही कॅथलिक मंडळींनी तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम २९५-अ खाली पोलिसांत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी एडमरुकू फिनलंडला गेले.

हे कलम १९२७ सालचं. धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावणं असा त्यातला गुन्हा होता. सांडपाण्याला सांडपाणी म्हणण्यात दुष्ट हेतू कसा असेल? फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३ पासून वैद्यकीय केंद्र आहे. कोणत्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म नसलेला डॉक्टर तिथे बसून बरं झाल्याचा दावा तपासू शकतो. सात हजारांहून जास्त दाव्यांपैकी ख्रिस्तसभेने सत्तरच्या आसपासच चमत्कार म्हणून मान्य केले आहेत. जे काम आपणच लूर्दला करतो ते इर्ल्यात दुसऱ्याने केलं, तर त्याचे आभार मानायला हवे होते. अक्वायनसने देव आहे का हा प्रश्न घेताना आधी विरोधी बाजूचे दोन सगळ्यांत भक्कम मुद्दे मांडले : जगातलं दुःख, आणि निसर्गाचा उलगडा देवाशिवाय होतो हे म्हणणं. मग उत्तर दिलं. सातशे वर्षांहून जुनी ही आपली रीत आहे. टीव्हीवरच्या कडक शब्दांना कडक शब्दांत उत्तर देता आलं असतं.

त्या तक्रारी चुकीच्या होत्या, असं माझं मत आहे. २०१२ साली हे मी माझ्या प्रवचनात बोललो नाही. बोलायला हवं होतं.