जिंकणार कोण?

शास्त्रपाठ : मार्क ९:३३-३७



हुबळीत एका रविवारी शब्बाथशाळा सुटल्यावर बाहेर मुलांचा गलका ऐकू आला. भांडण जुंपले असावे असे वाटून आम्ही ओसरीवर गेलो. पाहतो तो अर्धा मराठीत, अर्धा कानडीत असा एकच वाद रंगला होता. सुपरमॅन आणि हल्क यांची मारामारी झाली तर जिंकणार कोण? एक म्हणे सुपरमॅन, कारण तो उडतो. दुसरा म्हणे हल्क, कारण राग येईल तसे त्याचे बळ वाढते. बॅटमॅनची बाजू घेणारा तिसराही होताच.

रागावण्याजोगे त्यात काही नव्हते. आमच्या बालपणी आम्हीही हेच करीत असू. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ पासून १९९० पर्यंत निघत. त्यांच्या मराठी अंकासाठी आम्हां भावंडांची ओढाताण होई. वेताळ जिंकेल की जादूगार मँड्रेक, या वादात ताटातला भात निवून जाई. दोघेही ली फॉक या एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरले आहेत, हे तेव्हा आम्हांला कोठे ठाऊक होते!

त्या दिवशी मात्र एका मुलाने आम्हांलाच विचारले, "सर, येशू आणि सुपरमॅन यांच्यात कोण जिंकेल?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अरे, येशूच जिंकणार! त्याच्यापुढे कोण टिकेल?" मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हांलाही बरे वाटले.

तेवढ्यात मागे उभा असलेला एक लहान मुलगा हळूच म्हणाला, "मग सर, शाळेत मोठी मुले मला मारून माझा डबा काढून घेतात, तेव्हा तो का येत नाही?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. "प्रार्थना कर, बाळ," एवढे बोलून आम्ही घरी आलो. पण दुपारचे जेवण गोड लागेना. आमचे चुकले कोठे? आम्ही आपल्या तारणाऱ्याला चित्रातल्या वीरांच्या रांगेत उभे केले आणि पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. त्या लेकराने त्या उत्तराचा सरळ हिशेब मागितला.

संध्याकाळी मार्काचा नववा अध्याय उघडला. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यही असाच वाद घालीत होते. आपणांमध्ये मोठा कोण? घरी पोहोचल्यावर प्रभूने विचारले, तेव्हा त्यांची वाचाच बसली. प्रभूने त्यांचे क्रमांक लावले नाहीत. ज्याला पहिले व्हायचे असेल त्याने सर्वांच्या मागे उभे राहून सर्वांची सेवा करावी, असे त्याने सांगितले. मग एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे करून कवेत घेतले, आणि अशा बालकाला जवळ करणारा मलाच जवळ करतो, असे शिकवले. वादाचे उत्तर म्हणून त्याने एक लेकरू पुढे केले!

चित्रातल्या वीराचे बळ लेखक देईल तेवढेच असते. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्याला उडताही येत नव्हते. तो फक्त लांब उड्या मारी. पुढे लेखकांनी त्याला उडायला लावले. १९९६ साली अमेरिकेतील दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी आपापल्या वीरांच्या लढती छापल्या, आणि त्यांतील पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोपवला. सुपरमॅनने हल्कला हरवले ते मतांच्या जोरावर.

लोकांच्या मताने वीर निवडण्याची ही रीत जुनी आहे. पिलातानेही लोकसमुदायाला विचारले होते. लोकांनी बंडात हात रंगलेल्या बरब्बाला निवडले, आणि प्रभूला वधस्तंभावर पाठवले. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकून दाखव, असे सैतानाने म्हटले, तेव्हा प्रभूने टाकली नाही. देवदूतांच्या पलटणी मागवता आल्या असत्या, त्या त्याने मागवल्या नाहीत. खाली उतर, म्हणून लोकांनी हिणवले, तरी तो उतरला नाही. त्याच्या ठायी सामर्थ्य कमी होते काय? वादळ त्याने शांत केले, कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले, उपाशी लोकांना जेवू घातले. ते सामर्थ्य स्वतःला वाचवण्यासाठी त्याने खर्च केले नाही. म्हणूनच तिसऱ्या दिवसाचा विजय हा आपल्या सर्वांचा विजय झाला.

आपल्या हुबळीलाही मोठेपणाचा अभिमान आहे. येथील स्टेशनाचा १५०७ मीटरांचा फलाट २०२३ साली जगातील सर्वांत लांब ठरला, आणि गोरखपूरचा १३६६ मीटरांचा मागे पडला. आम्हांलाही आनंद झाला. पण फलाटाची लांबी कशासाठी? थकल्याभागल्याने त्यावर ओझे टेकावे आणि त्याला आपली गाडी मिळावी म्हणून.

पुढच्या रविवारी त्या मुलाला जवळ बसवून आम्ही वर्गासमोर सांगितले, "मागच्या वेळी मी घाईने उत्तर दिले." मग वाद घालणाऱ्या दोघा थोरल्यांना विचारले, "सुपरमॅन काय करील ते तुम्ही पुष्कळ सांगितलेत. तुम्ही काय कराल?" दोघे खाली पाहू लागले. पण सोमवारपासून ते त्याच्याबरोबर शाळेत जाऊ लागले आणि मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून डबा खाऊ लागले. आम्हीही त्याच्या वर्गशिक्षकांना जाऊन भेटलो. त्रास एका दिवसात थांबला नाही. काही दिवस कुरबुरी चालूच होत्या. परंतु तो मुलगा आता एकटा नव्हता.

तो का येत नाही, असे त्या लेकराने विचारले होते. प्रभू येतो, परंतु पुष्कळदा तो आपल्या पायांनी येऊ इच्छितो, आणि आपण ओसरीवर टाळ्या घेत उभे असतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलांची चित्रपुस्तके हिसकावून घेऊ नका, त्यांच्या वादाला हसून सोडूनही देऊ नका. वाद ऐका, आणि ऐकताना मागे गप्प कोण उभा आहे, तेही पाहा. प्रभूने ज्याला मध्ये उभे केले, तो बहुधा तोच असेल.

त्याला कवेत घेण्यास प्रभू आपणा सर्वांना साहाय्य करो. आमेन.