चिठ्ठीतला प्रश्न

आपल्या धर्मग्रामातील लग्नपूर्व शिबिरात शेवटच्या सत्राआधी एक डबा फिरवतात. ज्यांना तोंडाने विचारायला लाज वाटते त्यांनी चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचे नाही. मागच्या खेपेला एका चिठ्ठीवर लिहिले होते: ‘लगेच मूल नको असेल तर घरात कोणाला सांगायचे?’ जेवणाची वेळ झाली होती. ‘दोघांनी मिळून ठरवावे’ एवढे सांगून आम्ही पुढची चिठ्ठी उघडली.

उत्तर चुकीचे नव्हते. पण ती मुलगी (अक्षर मुलीचे वाटले) काय करायचे हे विचारत नव्हती, कोणाला सांगायचे हे विचारत होती.

खेड्यात अडचण तिथेच आहे. साधनेच नाहीत, असे आता फारसे म्हणता येत नाही. आशाताईंकडे गोळ्या आणि निरोध असतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी बसवतात, २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळीही आली. पण आशाताई गावातलीच, कधी नात्यातलीही. मेडिकलवाला सासऱ्यांच्या ओळखीचा. लग्नाला वर्ष झाले की नळावर चौकशी सुरू होते, ‘काय गं, अजून काही नाही?’ पहिल्या मुलाआधी काही घेतले तर पुढे मूलच होत नाही, ही समजूत आपल्या घरांतही आहे. मग तरुणपणी काहीच नाही, आणि दोन-तीन बाळंतपणांनंतर एकदम ऑपरेशन, तेही तिचेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांचे ऑपरेशन झालेले आढळले. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही!

ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली ‘ह्युमाने विते’ या पत्रात कृत्रिम साधने नाकारली. पण त्याच पत्रात जबाबदार पालकत्व आहे, आणि गंभीर कारण असेल तर निसर्गचक्र पाहून पाळणा लांबवण्यास मोकळीकही आहे. पोप फ्रान्सिस २०१५ साली फिलिपाईन्सहून परतताना विमानात म्हणाले होते की, चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखे व्हावे लागत नाही.

काही वडीलधाऱ्यांना वाटते, हा विषय चर्चच्या हॉलमध्ये नकोच, न कळले तर मुले मोहात पडणार नाहीत. आम्हाला हे पटत नाही. जिला माहितीच नाही तिने साधन वापरले नाही, तर ते आज्ञापालन कसे? ती लाजेने गप्प आहे, श्रद्धेने नव्हे. सदसद्विवेकबुद्धीने नाही म्हणायचे तरी आधी कळावे लागते.

आणि नैसर्गिक पद्धतीला तर शिकवण सर्वांत जास्त लागते. बिलिंग्ज पद्धतीत बाईने रोज लक्षणे पाहून नोंद ठेवायची, आणि नवऱ्याने ‘आज नको’ हे ऐकायचे. पिऊन आलेल्या नवऱ्याला ते कोण सांगणार? आपण मात्र त्या पद्धतीचे गुणगान मुलींपुढे करतो आणि मुलांना चहाला बाहेर पाठवतो. मागच्या शिबिरात हेच झाले, आणि पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो.

नीट सांगितले तर काही जोडपी शिकवणीबाहेरचे निवडतील, हा आक्षेप खोटा नाही. आजही निवडतात, आणि कोणालाही न विचारता निवडतात. निदान विचारायला आपल्याकडे आली तर शिकवण काय आहे आणि का आहे, हे त्यांच्या कानावर पडेल. तेवढी जोखीम आम्हाला घ्यावीशी वाटते. सासवांशी कसे बोलायचे हे मात्र आम्हालाही अजून नीट सुचलेले नाही. मातांच्या मंडळात कोणाला सुचले तर जरूर सांगावे.

पुढच्या शिबिरात हे सत्र सकाळीच आहे. मुलगे आणि मुली एकत्र बसतील, आणि आपल्या धर्मग्रामातल्याच एक नर्सबाई बोलणार आहेत. ती चिठ्ठी आम्ही फाईलमध्ये जपून ठेवली आहे. पहिली तीच उघडू.