वाडवडिलांचे वतन

शास्त्रभाग : १ राजे २१, लूक १९:१-१०



मुलाबाळांसाठी काय ठेवून जावे, ही चिंता आपणा सर्वांनाच असते. परंतु जे ठेवतो ते कोठून आले, हे सांगण्याची वेळ आली की आपण गप्प बसतो.

फिलिप मायर या अमेरिकन लेखकाची ‘द सन’ ही कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. टेक्सासातील मॅकल्लो घराण्याच्या पिढ्यांची ही कथा. मूळ पुरुष ईलाय १८३६ साली जन्मला. १८४९ साली कोमांची लोकांनी त्याला पळवून नेले. त्यांच्यात राहून तो परतला व पुढे मोठा गुरांचा मालक झाला. १९१५ साली गुरे चोरल्याच्या संशयावरून शेजारच्या गार्सिया कुटुंबाची कत्तल झाली. मारिया तेवढी वाचली. जमीन मॅकल्लोंकडे आली. पुढे तेलाने घराणे श्रीमंत झाले.

हे सारेच कल्पित नव्हे. त्या वर्षी दक्षिण टेक्सासात मेक्सिकन वंशाचे पुष्कळ लोक खरोखर मारले गेले. १९१९ साली होसे कनालेस या आमदाराच्या आरोपांवरून रेंजर दलाची चौकशी झाली.

ईलायचे समर्थन असे, की प्रत्येकाने जमीन आधीच्याकडून हिसकावूनच घेतली आहे. अहाबालाही असेच काही वाटले असेल. त्याला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकले नाही. मग ईजबेलीची पत्रे गेली, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले आणि मळा राजाचा झाला. सर्व कागद व्यवस्थित होते! तरी मळ्यात एलीया उभा होताच.

बापाचे पाप देव मुलाच्या माथी मारीत नाही, हे यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगतो. परंतु पाप बापाचे असले, तरी मळा आज मुलाच्या हाती आहे. त्याचा जाब मुलालाच द्यावा लागेल. ईलायचा मुलगा पीटर हा अन्याय ओळखतो, रोजनिशीत तळमळून लिहितो. पण जमीन परत जात नाही. पुढे पीटर व मारिया यांच्या वंशातला तरुण दारी येतो, तेव्हा घराण्याची वारसदार वृद्धा त्याला नाकारते.

जक्कयाने असे केले नाही. प्रभू घरी आला, तेव्हा तो नुसता रडला नाही. चौपट परत देतो म्हणाला. पश्चात्तापाला हिशेब असतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, नाबोथाची गोष्ट सांगाल त्याच्या पुढच्या रविवारी जक्कयाची सांगा. आणि आपण वडीलधारी मंडळी? बहिणीची सही घेऊन सोडवलेला हिस्सा, शेजाऱ्याच्या शेतात सरकवलेला बांध आपल्या उताऱ्यात आहे काय? असेल तर तो आपल्या हयातीतच परत करू या. मुलांना एक बिघा कमी मिळेल; पण जे मिळेल त्यावर त्यांना निश्चिंत झोप लागेल.