बस, आणि ऐक

चार महिने उपासनेला आला नाहीस. काल आलास, शेवटच्या बाकावर बसलास आणि प्रभुभोजनाआधीच उठून निघालास. दाराशी अडवलं तर म्हणालास, "बाई, माझा विश्वासच उरला नाही. देवाने मला काय दिलं?" मंडळी होती म्हणून गप्प बसले. आज बसणार नाही.

नोकरी गेली, हे दुःख खरं आहे. नोएडाच्या खोलीचं भाडं, नगरला आईला पाठवायचे पैसे, सगळं मला कळतं. त्यावरून तुला एक शब्द बोलणार नाही. पण सकाळचं शास्त्रवाचन कुणी बंद केलं? कंपनीने? रात्रीची प्रार्थना कुणी सोडली? वही न उघडता नापास झालास, तर गणित खोटं ठरत नाही!

गणितावरून आठवलं. काश्मिरी गेटला मेट्रो बदलतोस ना? स्टेशनपासून थोडं चाललं की सेंट जेम्स चर्च. 1852 मध्ये तिथे दिल्ली कॉलेजातल्या गणिताच्या मास्तर रामचंद्रांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत डॉक्टर चिमणलाल होते. आपल्याच शहराने दोघांकडे पाठ फिरवली. 11 मे 1857 ला बंडवाले शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा चिमणलाल मारले गेले. रामचंद्र लपतछपत शहराबाहेर पडले आणि वाचले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ते आले, तर एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यात काठी हाणली. ख्रिस्ती झाले म्हणून एकांनी मारायला शोधलं, हिंदुस्थानी माणूस म्हणून दुसऱ्यांनी झोडपलं. त्यांनी काय केलं? लेखी तक्रार करून अन्यायाला अन्याय म्हटलं. श्रद्धा सोडली नाही, आणि पुन्हा दिल्लीतच शाळेत शिकवायला उभे राहिले.

पंडिता रमाबाईंचं चरित्र तर तुला पाठ आहे. दुष्काळाने आईवडील नेले, पटकीने नवरा. 1921 मध्ये एकुलती मनोरमा गेली. हिब्रू-ग्रीक शिकून हाती घेतलेलं बायबलचं भाषांतर तरीही त्यांनी अर्धवट टाकलं नाही. शब्बाथ शाळेत याच गोष्टीसाठी तू बक्षीस घेतलं होतंस. बक्षीस घेतलंस, गोष्ट घेतली नाहीस.

विश्वास म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे, संकट आलं की दावा लावायला. तो अंगमेहनतीने वाढतो, आणि मेहनत तू टाळतो आहेस. दिवसभर खोलीत पडून आपल्याच दुःखाला कुरवाळत बसलास, तर तेच वाढेल.

एम्सच्या बाहेर फुटपाथवर महाराष्ट्रातून आलेले पेशंटचे नातेवाईक झोपतात. कित्येकांना हिंदी फॉर्म भरता येत नाही, कुठली खिडकी ते कळत नाही. तुला मराठी येतं, हिंदी येतं, आणि सध्या वेळच वेळ आहे. शनिवारी सकाळी आठ वाजता फाटकाशी ये. मी तिथे असेन. येण्याआधी याकोबाचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. पाचच अध्याय आहेत.

आणि आज रात्री आईला फोन कर. नोकरी गेल्याचं तिला अजून सांगितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. तिची प्रार्थना तू चार महिने खोट्या माहितीवर चालवली आहेस. आधी तिला खरं सांग, मग देवाला जाब विचार.